मूससाठी काडतूस कुठलं, बुलेट कुठली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी उत्तर स्वीडनमध्ये उमेओच्या वरच्या अंगाला राहतो, आणि दर सप्टेंबरला गावातल्या शिकारी टोळीबरोबर मूसच्या, म्हणजे इथल्या अवाढव्य हरणाच्या, शिकारीला जातो. इथे उत्तरेत सीझन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होतो, म्हणजे बरेचदा ऐन गणपतीत, त्यावरून आमच्याकडे दरवर्षी जे काय होतं ते वेगळं. पण मग आरतीनंतर प्रसाद खाताना मंडळातली पोरं हळूच येऊन तेच ते प्रश्न विचारतात, दादा रायफल कुठली, गोळी कुठली, मॅग्नम (जास्त जोराचं काडतूस) लागते का. दरवेळी उभ्याउभ्या सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

मूस, एल्क आणि एल्य हे वेगवेगळे प्राणी आहेत का?

प्राणी दोनच, नावांचा घोळ मोठा. कॅनडा-अमेरिकेत ज्याला मूस म्हणतात त्यालाच युरोपातले लोक इंग्रजीत एल्क म्हणतात आणि स्वीडिशमध्ये तो एल्य. अमेरिकेतला एल्क म्हणजे वापिटी, तो वेगळा. त्यामुळे अमेरिकन माणूस एल्कसाठी काय वापरतो ते ऐकून इथे काडतूस घ्यायला जाऊ नका, निदान तो कशाबद्दल बोलतोय ते आधी बघा. अंगाने मूस म्हणजे काय प्रकरण असतं ते सांगायचं तर आपलं सांबर मोठ्यात मोठं तीनशे किलोच्या आसपास, इथला मोठा नर मूस पाचशेला टेकतो आणि अलास्कातला सातशेपर्यंत जातो.

भारतात शिकारीला बंदी आहे, मग तिथे कशी काय चालते?

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. इथे उलटं आहे, मूस भरपूर आहेत, कोवळी पाइनची झाडं खाऊन जंगलवाल्यांचं नुकसान करतात, रस्त्यावर गाड्यांसमोर येतात, म्हणून दर भागाला किती मारायचे ते ठरवून दिलेलं असतं. १९८२ साली तर स्वीडनमध्ये एका सीझनला पावणेदोन लाखाच्या घरात मूस मारले गेले होते, आता आकडा त्याच्या बराच खाली आलाय. परीक्षा द्यावी लागते, थिअरी पण आणि रेंजवर पण, मग दर बंदुकीला पोलिसांकडून वेगळं लायसन्स, घरात ठरलेल्या दर्जाची तिजोरी. कुणाला पटत नसेल तर माझा काही आग्रह नाही, आमच्या आईलाही पटत नाही.

काडतूस आणि गोळी एकच ना?

नाही, आणि इथेच निम्म्या लोकांची गडबड होते. काडतूस म्हणजे अख्खी वस्तू: पितळी केस, तिच्या बुडाला ठिणगी देणारी टोपी, आत दारू, आणि तोंडात बसवलेली बुलेट. चाप ओढला की पुढे जाते ती फक्त बुलेट, पितळ तुमच्याजवळच राहतं. तर .३०८ किंवा थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६ असं लिहितात) हे काडतुसाचं नाव झालं. त्याच काडतुसात दहा प्रकारच्या बुलेट बसवून मिळतात आणि मूसला गाठ पडते ती बुलेटशी, काडतुसाशी नाही. लोक कॅलिबरवरून, म्हणजे गोळीच्या जाडीच्या मापावरून, तासन्‌तास वाद घालतात आणि बुलेट मात्र दुकानदार देईल ती घेतात, मला तर हे स्कूटर घेताना महिनाभर कंपनी शोधायची आणि टायर गुळगुळीत घालायचे असं वाटतं.

कायद्यात कमीत कमी किती लागतं?

स्वीडनमध्ये मूस क्लास १ मध्ये, म्हणजे मोठ्या जनावरांच्या वर्गात येतो. नियम दोन पायांवर उभा आहे, बुलेटचं वजन आणि १०० मीटरवर तिच्यात उरलेली एनर्जी. बुलेट ९ ग्रॅम किंवा जास्त असेल तर १०० मीटरला निदान २७०० जूल हवेत. बुलेट १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २००० जूल पुरतात. शिवाय बुलेट आत जाऊन फुलणारी हवी, पूर्ण जॅकेटवाली (शिशावर टोकापर्यंत धातूचं कवच असलेली) मिलिटरी टाइप चालत नाही. फिनलंडचे आकडे असेच आहेत, नॉर्वेत जरासा फरक.

काडतुसं ग्रेनमध्ये विकतात आणि कायदा ग्रॅममध्ये बोलतो, म्हणून एवढं पाठ करा: ९ ग्रॅम म्हणजे साधारण १३९ ग्रेन, १० ग्रॅम म्हणजे १५४ ग्रेन.

आता यात खड्डा कुठे आहे ते माझ्यावरूनच सांगतो. पहिल्या वर्षी मी ६.५×५५ काडतुसाची रायफल घेतली, ऑफर होती म्हणून १४० ग्रेनचे दोन डबे उचलले, ९.१ ग्रॅम, म्हटलं ९ च्या वर आहे ना झालं. सीझनच्या आदल्या रविवारी टोळीच्या झोपडीत कॉफी चालली होती, आमचा म्होरक्या, सत्तरीतला म्हातारा, त्याने डबा उचलला, उलटा केला, कडेला जिथे 'ई १००' (१०० मीटरवरची एनर्जी) छापलेलं असतं तिथे अंगठा ठेवला आणि डबा माझ्याकडे सरकवला. २४०० च्या पुढचा आकडा होता. वजन ९ ते १० च्या मध्ये म्हणजे २७०० हवे होते. एक शब्द बोलला नाही, फक्त स्वतःच्या खिशातून १५६ ग्रेनची पाच काडतुसं काढून माझ्या कपाशेजारी ठेवली. १५६ ग्रेन म्हणजे १०.१ ग्रॅम, तिला २००० पुरतात आणि ती आरामात देते. इथे ६.५ वाले सगळे १५६ च का वापरतात ते मला त्या दिवशी कळलं.

अशीच गंमत .२७० ची. तिकडे अमेरिकेत तिची १३० ग्रेनवाली लाडकी, पण ती भरते ८.४ ग्रॅम, म्हणजे इथे मूसला बाद, कितीही जोरात जात असली तरी. १५० ग्रेन घ्या, चालेल. .२४३ चा तर विचारच नको, ती छोट्या रो हरणासाठी. नियमांत अधूनमधून बदल होतात, दर सीझनआधी एकदा बघून घेत जा.

मग कॅलिबर कुठलं घेऊ?

पहिली आणि एकच रायफल घेणार असाल तर .३०८ नाहीतर थर्टी-ऑट-सिक्स, डोळे झाकून. थर्टी-ऑट-सिक्स १९०६ ची, .३०८ १९५२ ची, दोन्हींनी एवढे मूस पडलेत की त्यावर वाद घालणं म्हणजे वरणभाताने पोट भरतं का विचारण्यासारखं आहे. .३०८ मध्ये ११.७ ग्रॅमची म्हणजे १८० ग्रेनची बुलेट घेतली की १०० मीटरला साधारण ३००० जूल राहतात, कायद्याच्या वर भरपूर. गावच्या दुकानातही काडतूस मिळतं, धक्का झेपण्यासारखा असतो, आणि पुढे सायलेन्सर लावला (इथे सर्रास लावतात, कान वाचतात) तर धक्का अजून कमी.

६.५×५५ म्हणजे स्वीडनचं घरचं काडतूस, १८९४ पासूनचं, आधी सैन्याचं आणि मग घराघरातलं. आजोबाची रायफल नातू वापरतोय अशी घरं आमच्या टोळीतच तीन आहेत.

९.३×६२ हे बर्लिनच्या ओटो बॉक नावाच्या बंदूकवाल्याने १९०५ मध्ये आफ्रिकेतल्या जर्मन शेतकरी-शिकाऱ्यांसाठी काढलं आणि ते इथल्या मूसवाल्यांच्या असं काही मनात भरलं की आजही चालतंय. १८.५ ग्रॅमची बुलेट, हळू जाते, मोठं भोक पाडते, मांस फार फाटत नाही. पण धक्का! मी एकदा रेंजवर मित्राची घेऊन सहा बार काढले, तिसऱ्यापासूनच चाप ओढायच्या आधी डोळे मिटायला लागलो होतो आणि कागदावर भोकं नाशिक ते नागपूर पसरली होती. माणूस धक्क्याला घाबरायला लागला की नेम गेला, आणि ते एकदा अंगात बसलं की काढायला वर्ष जातं.

६.५ क्रीडमूर? चालतं, पण १४०-१४३ ग्रेनमध्ये आकडा काठावर येतो, डबा वाचल्याशिवाय घेऊ नका.

६.५ एवढीशी बारीक, अर्ध्या टनाच्या जनावराला खरंच पुरते?

पुरते, कारण बारीक असली तरी लांब असते. पोत्यात दाभण कसं सरळ घुसतं आणि तेवढ्याच जोरात जाड खिळा कसा अडतो, तसं. १५६ ग्रेनची ६.५ हातात घेऊन बघा, पेन्सिलीच्या तुकड्यासारखी दिसते. पण तिच्यात चूक झाकायची ताकद कमी असते. खांद्याच्या जाड हाडावर वेडीवाकडी बसली तर .३०-०६ ची जड बुलेट जास्त माफ करते. आणि कुठलंच कॅलिबर पोटात बसलेली गोळी माफ करत नाही, हे लक्षात असू द्या.

मॅग्नम घेऊ का? .३०० विन मॅग, .३३८?

आमच्याकडच्या जंगलात बहुतेक बार शंभर मीटरच्या आत होतात, आणि कुत्र्याने भुंकून मूस एका जागी रोखून धरला असेल तर तीस-चाळीस मीटरवर. तिथे मॅग्नमचा उपयोग शून्य, उलट तोटा आहे कारण एवढ्या जवळून फास्ट बुलेट लागली की साधी असेल तर आतच चुरा होतो, खांद्याचं मांस रक्ताळून जातं, पाच-सहा किलो कुत्र्याला घालावं लागतं. अलास्कात मोकळ्यावर लांबून मारायचं असेल, जोडीला अस्वलाची भीती असेल, तर .३३८ चं लॉजिक समजतं. इथे हौस म्हणून घ्या, कोण अडवतंय.

बुलेट-बुलेटमध्ये नेमका काय फरक असतो?

हा खरा प्रश्न, आणि हाच सगळ्यात कमी विचारला जातो.

साधी सॉफ्ट पॉइंट म्हणजे तांब्याच्या पातळ जॅकेटमध्ये शिसं, टोकाला शिसं उघडं. आदळली की टोक पसरतं, जखम मोठी होते. मध्यम वेगाला छान काम करते, जुन्या ६.५ मध्ये तर अजूनही हीच चालते. पण वेग वाढला किंवा हाड लागलं की जॅकेट एकीकडे, शिसं एकीकडे.

या भानगडीतूनच एक प्रसिद्ध बुलेट जन्माला आली आणि ती पण मूसमुळे. १९४६ मध्ये जॉन नॉसलर नावाचा अमेरिकन कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मूसला गेला, हातात .३०० एच अँड एच मॅग्नम म्हणजे तेव्हाचं जबरदस्त काडतूस, समोर चिखलात लोळून आलेला नर, अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर. बुलेट वरच्या वर फुटत होत्या, आत जाईनात. घरी येऊन त्याने बुलेटच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत ठेवली, पुढचा भाग फुलून गेला तरी भिंतीमागचा अर्धा भाग शाबूत राहून आत घुसत जातो. ती पार्टिशन, १९४८ पासून विकायला आली आणि अजून मिळते.

त्यानंतर आल्या बाँडेड, म्हणजे शिसं जॅकेटला आतून जोडून टाकलेलं. नॉर्मा कंपनीची ओरिक्स, लापुआची मेगा असल्या जड, हळू फुलणाऱ्या बुलेट इथे मूसवाल्यांच्या आवडत्या. गेल्या वर्षी एका वासराच्या (वासरू म्हणायचं फक्त, चांगलं दीडेकशे किलोचं धूड असतं) पलीकडच्या कातडीखाली मला माझी बुलेट सापडली, बोटाने चाचपलं तर हरभऱ्याएवढी गाठ लागली, सुरीने चीर दिली आणि ती बाहेर आली. धुऊन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली, ११.७ ची होती, ११.१ भरली. फुलून पार अळंबीसारखी झालेली, पण एक तुकडा सुटला नव्हता. बुलेट चांगली म्हणजे काय, तर ही. बायकोचं म्हणणं तो काटा आता मोदकांच्या पिठाला वापरायचा नाही, नवीन आणा, आणला.

तिसरा प्रकार सगळं तांबंच, शिसं नाहीच. टोकाला भोक असतं, आदळल्यावर चार-सहा पाकळ्या उघडतात. बार्न्स कंपनीने हा प्रकार लोकप्रिय केला, इथे लापुआ नॅचरालिस, नॉर्मा इकोस्ट्राइक मिळतात. वजन जवळपास शंभर टक्के शाबूत राहतं.

लेड घेऊ की कॉपर?

घरात लहान मुलं असतील तर मी कॉपर म्हणेन, आणि मी स्वतः दोन वर्षांपूर्वी बदललं. शिशाची बुलेट फुलताना बारीक कण मांसात सोडते, डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक, आणि साध्या सॉफ्ट पॉइंटमध्ये हे जास्तच. स्वीडनच्या अन्न खात्याचा सल्ला आहे की जखमेचा मार्ग आणि त्याभोवतीचं अजून १० सेंटिमीटर मांस कापून टाकून द्या. डेन्मार्कने तर १ एप्रिल २०२४ पासून शिकारीत शिशाच्या रायफल बुलेटवर बंदीच घातली.

कॉपरचे त्रास पण ऐकून घ्या. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची बुलेट लांब होते, आणि ६.५ मध्ये बऱ्याच कॉपर बुलेट ९ ग्रॅमच्या खालीच येतात म्हणजे परत क्लास १ चा घोळ. .३०८ आणि वर हा प्रश्न येत नाही. दुसरं, वेग कमी झाला की पाकळ्या नीट उघडत नाहीत, तेव्हा फार लांबून नाही मारायचं. तिसरं, नळीला कुठली आवडेल सांगता येत नाही, माझ्या टिक्का रायफलला एका कंपनीची १५० ग्रेनची अजिबात जमेना, दुसऱ्या कंपनीची १६५ ची पहिल्याच दिवशी तीन भोकं एकमेकांना चिकटून. तीन डबे वेगवेगळे घेऊन रेंजवर जा. आणि महाग आहेत, ते तर आहेच.

जड बुलेट झाडाझुडपातून सरळ जाते म्हणतात, खरं का?

नाही. कुठलीच जात नाही. बोटाएवढी फांदी लागली की जड काय हलकी काय, दिशा बदलते किंवा आधीच फुलायला लागते. भोक शोधा किंवा बार सोडून द्या.

स्कोप (रायफलवरची दुर्बीण) किती मीटरला लावू, आणि नेम कुठे?

इथे बरेच जण १०० मीटरला गोळी चार सेंटिमीटर वर लागेल असा लावतात, मग .३०८ किंवा थर्टी-ऑट-सिक्समध्ये साधारण दीडशे-पावणेदोनशे मीटरपर्यंत वेगळा हिशोब करायला नको. नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे, उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. तिथे फुप्फुसं आहेत आणि ती मोठी असतात. डोकं, मान सोडून द्या, यूट्यूबवर काहीही दाखवू देत. काडतूस बदललं, नुसती बुलेट बदलली तरी परत रेंजवर जाऊन बघायचं, हे आळसाने राहतं आणि मग अंगाशी येतं. सरावाला स्वस्तातली जॅकेटवाली काडतुसं चालतात. आमच्या इथे रेंजवर लाकडी मूस ८० मीटरवर रुळावरून धावतो, उन्हाळाभर गुरुवारी संध्याकाळी तिथे गर्दी असते, सॉसेज भाजलेले असतात, डास पण असतात.

गोळी लागली पण मूस काहीच झालं नाही असा चालत गेला, काडतूस कमी पडलं का?

बहुतेक नाही. मूस हा प्राणीच असा आहे, दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार गेली तरी कधीकधी कान सुद्धा हलवत नाही, उभा राहतो, मग पन्नास-साठ मीटर चालतो आणि बसतो. म्हणून उभा आहे तोवर दुसरी गोळी घाला, कंजुषी नको. नंतर जागचं हलू नका, कुठे उभा होता तिथली खूण डोक्यात पक्की करा. मग जाऊन बघा: फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, जवळच सापडेल. गडद लाल, जवळजवळ तपकिरी, तर लिव्हर, थांबा. हिरवट घाण, वास, तर पोटात लागलीय, कित्येक तास थांबायचं आणि कुत्र्यावर सोडायचं. माग काढणारं शिकवलेलं कुत्रं दोन तासांच्या आत जागेवर आणता आलं पाहिजे असा इथे नियमच आहे. बंदुकीच्या आधी कुत्रेवाल्याचा नंबर सेव्ह करा.

एसएलआरची (फौजेच्या जुन्या रायफलची) ७.६२ आणि .३०८ एकच ना? आणि थ्री नॉट थ्री?

हा प्रश्न फौजी घरातल्या सगळ्यांचा. दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी, पण सैन्याची काडतुसं पूर्ण जॅकेटवाली, ती सुईसारखी आरपार जातात आणि शिकारीला बंद आहेत. पुण्याला आमच्या शेजारचे काका खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, १८६९ पासूनचा कारखाना तो, त्यांना मी फुललेल्या बुलेटचा फोटो पाठवला तर म्हणाले, 'अरे ही तर डिफेक्टिव्ह निघाली, आमच्याकडे असली एक सापडली तर अख्खा लॉट रिजेक्ट झाला असता!' थ्री नॉट थ्रीने कॅनडात असंख्य मूस पडलेत, तिच्या ली-एनफिल्ड रायफली तिथे स्वस्तात मिळायच्या. १८० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट घातली तर आजही चालते.

मी कॅनडात आहे, हे सगळं मला लागू होतं का?

बुलेटचं सगळं लागू, कायद्याचं नाही. तिकडे नियम दर प्रांताचे वेगळे, ऑन्टारियोत उदाहरणार्थ मूसला रिमफायर म्हणजे पॉइंट टू-टू वगैरे चालत नाही. आधी फायरआर्म सेफ्टी कोर्स, मग लायसन्स, मग प्रांताचा शिकारीचा कोर्स, आणि मूसचा टॅग (एक मूस मारायचा परवाना) मिळेल तेव्हा मिळेल. न्यूफाउंडलंडला मूस भरपूर, गंमत म्हणजे तिथले ते मूळचे नाहीतच, १९०४ मध्ये न्यू ब्रन्सविकहून चार आणून सोडले होते, त्यांचा हा पसारा.

आठवण म्हणून एखादं काडतूस भारतात नेलं तर?

अजिबात नको. लायसन्सशिवाय एक जिवंत काडतूस सामानात सापडलं तरी आर्म्स ॲक्टखाली केस होते, विमान जातं आणि तुम्ही पोलीस स्टेशनात. रिकामं पितळ सुद्धा स्कॅनरवर तसंच दिसतं, तासभर समजावत बसावं लागेल. फुललेली बुलेट पण मी घरीच ठेवतो, फोटो दाखवतो. आणि मुद्दाम नेणारा विरळाच, विसरून जातं ते खरं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पुण्याला निघताना थंडी म्हणून शिकारीचंच जॅकेट काढलं, आदल्या रात्री अकरा वाजता आतल्या चेनच्या खिशात हात घातला तर एक .३०८. तिजोरी उघडून ते आत टाकलं, मग सगळ्या बॅगा परत खाली केल्या, चकलीचा सोऱ्या सुद्धा उघडून बघितला.